बादल्याची अठाई

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे चाळीसगावात आमच्या गल्लीतल्या कुणालाही विचारा. त्या पर्युषणात मात्र मी जे बोलून बसले, ते एका मुक्या जनावरानं भोगलं.

बादल्या खरं तर माझ्या लेकीचा, बदामचा. दीड महिन्याचं पिल्लू तिनं परकराच्या ओच्यात घालून आणलं, तेव्हा मी दारातच ओरडले, "जैनाच्या घरात कुत्रं? आधी बाहेर ठेव ते!" आठ दिवसांत तेच पिल्लू माझ्या पायाशी झोपायला लागलं. राखाडी अंग, एक कान उभा, एक पडका. पहिल्याच वर्षी त्याला जुलाब लागले, तर बदामनं हट्टानं गुरांच्या दवाखान्यात नेऊन त्याला वाचवलं. तिथल्या डॉक्टरांचा शब्द न् शब्द पोरीला पाठ होता.

सदुसष्ट साली तिला धुळ्याला दिली. सासरी कुत्रं चालत नव्हतं. टांग्यात बसताना पोरगी रडत रडत काय म्हणाली? बापाला जप, नाही. आईची आठवण येईल, तेही नाही. म्हणाली, "आई, बादल्या एक दिवस जेवला नाही तर चालेल. दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही, तर वाट बघत बसू नकोस. दवाखान्यात ने. शब्द दे मला." मी शब्द दिला. वर म्हटलं, "बये, आता नवऱ्याच्या जेवणाकडे बघ." पुढं तिच्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ बादल्याची असायची आणि माझी खुशाली शेवटी, कोपऱ्यात.

पावसाळ्यात त्याच्या अंगावर गोचिडी व्हायच्या. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी भिकुबाई म्हणायची, रॉकेलात टाका मेल्यांना. पण जीव मारायचा कसा? मी एकेक गोचीड चिमटीनं काढून करवंटीत ठेवायची आणि परसातल्या कडुनिंबाखाली अलगद सोडून यायची. बादल्या दुपारी झोपायचा कुठं? त्याच कडुनिंबाखाली. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नाही.

पुढच्या वर्षी पर्युषणात माझी धाकटी जाऊ लाडकुंवर अठाईला बसली. आठ दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. आदल्या वर्षी मीही बसले होते. तिसऱ्याच दिवशी भर स्थानकात, साध्वींच्या प्रवचनात, चक्कर येऊन पडले आणि सासूबाईंनी मला जबरदस्तीनं दूध पाजलं. बायका वर्षभर ते विसरल्या नाहीत. मीही नाही.

पहिल्या दिवशी बादल्यानं दूध-भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच सकाळी स्थानकात सगळ्या बायका लाडकुंवरभोवती गोळा झालेल्या, आणि ती धापूबाई, जिच्या पोटात कधी काही राहत नाही, मला हसून विचारते, "मोहनबाई, यंदा तुमचं काय?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माझं काय विचारता? आमच्या बादल्यानंसुद्धा उपासाचं पचखाण घेतलंय! कालपासून घास नाही तोंडात!"

आधी सगळ्या हसल्या. मग एकीनं हात जोडले. दुपारपर्यंत आमच्या अंगणात ही गर्दी! कुणी त्याला कुंकू लावलं, कुणी स्तवन म्हटलं. धापूबाईसुद्धा आली आणि नमस्कार करून गेली. बादल्या पडल्या पडल्या शेपटीचं टोक तेवढं हलवायचा. मी शेजारी पाटावर बसलेली, जशी काही माझीच अठाई चाललीय. बदामला दिलेला शब्द आठवला नाही असं म्हणायची माझी छाती नाही. आठवला होता. उद्या बघू म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो परसात लघवीला गेला. पाहते तर रंग काळ्या चहासारखा. आणि मी काय केलं? दोन बादल्या पाणी ओतून जागा धुऊन काढली. बायका येण्याच्या आत.

भिकुबाई मोरीत भांडी घासत होती. तिनं सगळं पाहिलं. हातातला राखेचा बोळा खाली ठेवून म्हणाली, "मावशी, हाऊ उपास नई शे. हाऊ बिमार शे. दवाखानामा लई जा त्याले."

"तू भांडी घास," मी फाडकन म्हटलं. "तुला काय कळतं आमच्या धर्मातलं?"

"धरमनं माले कळत नई," ती म्हणाली, "कुत्रानं कळस." आणि पुन्हा घासायला लागली.

चौथ्या दिवशी तो उठताना कलंडला. मी म्हटलं, अशक्तपणा आहे, लाडकुंवरसुद्धा भिंतीला धरूनच चालते की!

पाचव्या दिवशी स्थानकातल्या साध्वी, महासतीजी, गोचरीला, म्हणजे भिक्षेला, घरी आल्या. वयस्क, शांत बाई. बायकांनी मोठ्या कौतुकानं त्यांना बादल्या दाखवला. त्या त्याच्यापाशी उभ्या राहिल्या. कुणीतरी त्यांना भिक्षेत वहोरवायला आणलेल्या फुलक्याचा वास अंगणभर पसरला होता. बादल्यानं मान वळवली, ती त्या वासापासून दूर.

"भूक असून सोडतो, तो उपास," महासतीजी म्हणाल्या. "याला भूक आहे का, मोहनबाई?"

मी लाडकुंवरकडे पाहिलं. ती खाली मान घालून हळूच म्हणाली, "भाभीजी, मला तर फुलक्याच्या वासानं जीव नकोसा होतो हो."

मी पदर खोचला. आमच्या दुकानाची हातगाडी मागवली, तिच्यावर गोणपाट टाकलं आणि भिकुबाईनं न् मी मिळून त्याला उचलून ठेवला. एवढा थोरला कुत्रा, आणि वजन काहीच नाही! भर बाजारातून गाडी ढकलत नेताना मी मोठ्यानं रडत होते. लोक बघत होते, बघू देत.

डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक. कानामागं बोट फिरवलं तर गोचिडीच गोचिडी. ते म्हणाले, "गोचिडीचा ताप आहे. रक्तच फुटतंय आतल्या आत. किती दिवस झाले खाऊन?"

"पाच."

"पाच दिवस!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि लघवीचा रंग? लालसर, काळपट असा काही दिसला होता?"

पर्युषणाचे दिवस, तोंडाला सकाळच्या सामायिकाची, त्या घटकाभराच्या ध्यान-पाठाची, चव. मी म्हटलं, "नाही. काही दिसलं नाही."

भिकुबाई शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती गोणपाट नीट करायला लागली.

"दिसायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "हीच तर खूण असते. ती दिसली त्या दिवशी आणला असता, तर एका इंजेक्शनवर उठला असता. आता देतो, पण भरवसा देत नाही."

त्यांनी इंजेक्शन दिलं, चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजायला सांगितलं. दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. स्थानकात गेले नाही, चुलीपाशी गेले नाही. चमचाभर पाणी घालायची, ते ओठाच्या कडेनं बाहेर यायचं. पोरा, गीळ रे, म्हणायची. बदाम काय म्हणेल मला, गीळ रे एवढं. सातव्या दिवशी दुपारी त्यानं तो पडका कान जरासा उचलला. मला वाटलं, आला माणसात! धावत जाऊन दूध कोमट करून आणलं. येईपर्यंत तो गेलेला होता.

भिकुबाईच्या नवऱ्यानं, लोटननं, परसातच खड्डा खणला. कडुनिंबाखाली नको म्हटलं मी.

नवव्या दिवशी लाडकुंवरचं पारणं झालं. वाजतगाजत, चांदीच्या वाटीतून मुगाचं पाणी. धापूबाई भाबडेपणानं म्हणाली, "तुमचा बादल्या तर तपातच गेला, मोहनबाई. पुण्यवान जीव." त्या दिवशी पहिल्यांदा मला तिचा राग आला नाही. तिला हे खोटं कुणी सांगितलं होतं? मीच की!

संवत्सरी झाली की आमच्यात सगळ्या नातेवाइकांना क्षमापनेची कार्डं जातात. छापीलच असतात, खाली नुसतं नाव घालायचं. यजमानांनी गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. धुळ्याचं कार्ड मी सगळ्यात शेवटी घेतलं. बादल्या गेला एवढं यजमानांनी तिला आधीच कळवलं होतं. तिचं उत्तरही आलं होतं: आई, तू रडू नकोस, तू तुझ्याकडून सगळं केलंस, मला माहीत आहे.

कार्डावर छापलं होतं, 'जाणता-अजाणता आमच्याकडून आपलं मन दुखावलं असल्यास क्षमा असावी.' आजवर शेकडो कार्डांखाली मी नाव घातलं, ही ओळ कधी वाचलीसुद्धा नव्हती.

मी टाक घेतला आणि 'अजाणता' हा शब्द खोडला. मग उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात, तिसऱ्या दिवशीच्या त्या दोन बादल्या पाण्याचं सगळं लिहिलं.