काळजातलं पातळ रक्त

“डॉक्टर, बोकडाचं रक्त ताटलीत धरलं की पाच मिनिटांत थिजतं, मग त्याच्याच काळजात ते पातळ कसं राहतं?”

हे भर हॉलमध्ये विचारून दाखव, अशी मैत्रिणींची पैज होती. नववीपर्यंत मी मान खाली घालून बसायचे. दहावीत काय अंगात आलं कोण जाणे, उठलेच! मुली फिदीफिदी हसल्या. मेडिकल कॉलेजचे पाहुणे डॉक्टर मात्र हसले नाहीत. “वा! कुणाला उत्तर येतंय?”

सुंदरम्मा उठली. कायम पहिली येणारी, जिच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही ती. “सर, अँटिथ्रॉम्बिन. रक्त गोठू न देणारं प्रथिन. यकृतात, म्हणजे काळजातच बनतं.” तिच्या दादाच्या पुस्तकात वाचलेलं! टाळ्या तिला. प्रश्न माझा, ताटली माझ्या आईची, अन् टाळ्या तिला? वर डॉक्टर तिलाच म्हणाले, “रविवारी प्रयोगशाळेत ये.”

“सर, काळीज मी आणते!” मी ओरडलेच.

आमचे अप्पा शेळ्या-बोकडांचा बाजार करतात. रविवारी ताजं काळीज डब्यात घालून नेलं. सुंदरम्माला मळमळेल, पळेल, हीच आशा. पण तिनं बाह्या वर सारल्या आणि स्वतः चीर दिली! पातळ रक्त काचेवर ओघळलं अन् बघता बघता घट्ट झालं.

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिनीचं अस्तर दाखवलं. पेशींचा एकच पातळ थर. “ते प्रथिन या अस्तरावर बसत असावं.”

“मग ते या पेशींना काय करतं?” मी विचारलं.

“अजून नीट कुणालाच माहीत नाही.”

डॉक्टरांनाही अडवणारा प्रश्न, अन् तो माझा! मला गुदगुल्या झाल्या! तेवढ्यात सुंदरम्मानं वहीत लिहिलं, ‘हे मी शोधणार.’ मी वाकून वाचलं. परत माझाच प्रश्न पळवला!

घरी आले तर आई म्हणाली, “बरं झालं आलीस. मामा येतोय चार दिवसांनी, बेस्तरवारी, सुपारी फोडून लगीन पक्कं करायला.” दहावी झाली की मामाच्या मुलाशी, बिरप्पाशी माझं लग्न, हे कधीचंच ठरलेलं. मी कधी नाही म्हटलं नव्हतं.

“अप्पा, मामाला जेवायला बोलवा, सुपारी फोडू नका. मी सायन्सला जाणार.”

“कशापायी गं?”

“डॉक्टर व्हायला. त्यो प्रश्न माझा हाय, अप्पा. सुंदरम्माला न्हाय देणार!”