जनरलचा खुराक

आमच्या मालकांना, डॉन फर्मीनना, गुरांतलं काय कळतं म्हणाल, तर डोकं कुठं आणि शेपूट कुठं, एवढंच. पण प्रदर्शनात वळूची दोरी धरून छाती काढावी तर त्यांनीच!

त्यांचा काळा वळू, जनरल. दूध तुटलं त्या दिवसापासून त्याला दोन वेळा घमेलंभर मका. चारणारा मी. वर्षात अंग असं सुटलं की चालताना मांड्या घासायच्या. मी खाली वाकून पाहिलं, तर अंडाच्या पिशवीवर चरबीचा थर. ती पिशवी गार राहायला हवी, तरच बी धड राहतं. हे गोठ्यातल्या मांजरालाही कळावं.

"मालक, ह्याला वळू करायचाय का कापायचाय?" मी विचारलं.

"तू घमेलं उचल, सेलेस्तिनो. डोकं चालवायला मी आहे."

चालवलं डोकं! जनरलला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकही तसलेच, जाडी बघून भाळणारे. माझा वळूसोबत फोटो निघाला. पुढच्या वर्षी राजधानीला, ब्यूनोस आयर्सच्या प्रदर्शनाला तुलाच नेतो, असं मालक म्हणाले आणि मी गप्प झालो.

मालकांची लेक मातिल्दा मात्र वेगळ्या हाडाची. भावांना जमीन सोयाबीनवाल्याला खंडानं द्यायची होती. बापानं तिला तीस कालवडी आणि एक हंगाम दिला. पंचवीस गाभण राहिल्या तर कुरण तिचं, नाहीतर खंड पक्का. पोरीनं दर महिन्याला कालवडी वजनाला घातल्या. थंडीत गवत आटलं तेव्हा खुराक वाढवला, अंगानं सुटायला लागल्या तसा कमी केला. वसंतात सगळ्या वेळेवर माजावर आल्या.

"बाबा, जनरलला सोडायच्या आधी डॉक्टरांकडून तपासून घेऊ या," ती म्हणाली.

"बक्षीस मिळवलेल्या वळूची तपासणी? गावात तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

झालं! अब्रू म्हणे वळूच्या पोटाखाली लोंबत होती.

जनरल कालवडींत सुटला. त्याला दिवसातून दोनदा जोर यायचा, बाकी वेळ सावलीत धापा टाकत बसायचा. पहाटे माज बघायचं काम माझं. मातिल्दा रोज 'माते'चा, आमच्या कडू चहाचा, पेला हातात देऊन विचारायची, "काका, चढतोय ना?"

"चढतो की," मी म्हणायचो. चढायचाच तो! तीन आठवड्यांनी त्याच कालवडी उलटलेल्या, म्हणजे पुन्हा माजावर आलेल्या, मी पाहिल्या. पुन्हा तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच. तेव्हाही दुसरा वळू आणायला वेळ होता. पण मला राजधानी दिसत होती.

आमच्याकडचा उन्हाळा सरला, तसे मार्चमध्ये डॉक्टर ओलिवेरी आले. एकेक कालवड खोड्यात घेतली, खांद्यापर्यंत हात घातला.

"रिकामी. रिकामी. ही गाभण. रिकामी..."

तिसात सात.

"कालवडींतच खोट आहे. काढा कापायला!" मालक म्हणाले.

डॉक्टरांनी तिथंच जनरलचं वीर्य घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. "दहातला एक हलतोय, डॉन फर्मीन. तोही जागच्या जागी गोल फिरतोय."

"यंत्र बिघडलंय तुमचं," मालक म्हणाले आणि तडक घरात गेले. थोड्या वेळानं खिडकीतून त्यांचा आवाज आला. सोयाबीनवाल्याला फोन चालला होता.

मातिल्दानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, ह्या उलटत होत्या. तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

मी टोपी काढून हातात घेतली. राजधानीच्या प्रदर्शनाचं तिला सांगायचं तरी कसल्या तोंडानं?

"बाबांना कळतच नाही," ती म्हणाली. "तुम्हाला कळत होतं."