दंडावरचा पट्टा

अर्धांगाच्या झटक्यात बाबांचा उजवा हात लुळा पडला आणि त्यांना तेफिलीन बांधून द्यायचं काम धाकटीकडे आलं. आत शास्त्रवचनं असलेली काळी चामड्याची डबी डाव्या दंडावर, तिचा पट्टा वेढे घेत बोटांपर्यंत, दुसरी डबी कपाळावर. ज्यू पुरुषाने सकाळच्या प्रार्थनेला हे बांधायचं असतं. दादाला सकाळी सवड नसायची. धाकटी मर्दानी कपडे शिवणाऱ्या शिंप्याकडे कापड बेतणारी कटर होती, तिच्या हाताला अचूक अंदाज होता. पट्टा ना सैल पडायचा, ना रुतायचा. बाबांनी मात्र कधी बरं म्हटलं नाही.

एका सकाळी प्रार्थना संपल्यावर बाबांना डुलकी लागली. पट्टे आवरता आवरता तिने डबी स्वतःच्या दंडावर धरून पाहिली, आणि मग बांधलीच. कपाळावरचीही. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना ती खिडकीशी उभं राहून पुटपुटू लागली, तोच बाबांनी डोळे उघडले.

"काढ ते," ते जड जिभेने म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

संध्याकाळी दादा तणतणत आला. पुरुषाची वस्तू बाईने अंगावर घालायची नाही, असं धर्मशास्त्र सांगतं, म्हणाला. तिने विचारलं, बायकांना सक्ती नाही एवढंच ना, मनाई कुठे आहे? त्यावर तो तिच्या पॅंटवर घसरला. ही बायकांचीच आहे, मी स्वतः कापलीय, असं तिने ऐकवलं.

शेवटी धर्मगुरूंना, रब्बींना, बोलावलं. ते म्हणाले, जाणत्यांत दोन मतं आहेत. काही जण तेफिलीनला पुरुषी पोशाखात धरतात, काही धरत नाहीत. पण रूढी नाही म्हणते आणि आपण रूढीबाहेर जाणार नाही. वडिलांना बांधून द्यायचं तर आजारपणात चालेल.

"हिच्या हातचं नको," बाबा म्हणाले.

मग दादा आपल्या दुकानावर जाताना येऊ लागला. घाईघाईत कसाबसा बांधायचा, प्रार्थना अर्ध्यावर असताना पट्टा ओघळायचा. आठवडाभरात त्याचं येणं बंद झालं, फोन उचलणंही. धाकटी तेफिलीनची मखमली पिशवी घेऊन थेट त्याच्या दुकानात गेली आणि गिऱ्हाइकांदेखत ती गल्ल्यावर ठेवली.

"तू बांध, नाहीतर बांधणारा माणूस लाव," ती म्हणाली.

त्याने पिशवी तिच्याकडे सरकवली. "घाण तू केलीस, निस्तर तू."

दुसऱ्या दिवशी तिने बाबांना पुसून काढलं, उशीला टेकवून बसवलं आणि विचारलं, "मी बांधू?"

बाबांनी डावा हात पांघरुणात ओढून घेतला. "प्रार्थना चुकली तर चुकू दे. पाप तुझ्या माथी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्यांच्यासमोरच उभी राहिली, बाही वर केली आणि डबी स्वतःच्या दंडावर बांधली. बाबांनी तिला निर्लज्ज म्हटलं, घरबुडवी म्हटलं, तिच्या मेलेल्या आईलाही सोडलं नाही. तिने प्रार्थनेतला एक शब्द गाळला नाही. बाबांनी तोंडावर पांघरूण ओढलं.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. ती विचारते, ते नको म्हणतात, ती स्वतः बांधते, ते भिंतीकडे तोंड करतात. मग ती पट्टे गुंडाळते आणि त्यांना पेज भरवते. पेज मात्र ते तिच्याच हातून खातात. वाटी धुऊन ती कामाला निघते.