पाहुण्याचे वजन

टाका घट्ट करून मामांनी दोरा दातांनी तोडला, डमीच्या काखांत हात घातले आणि तिला वजनकाट्याकडे ओढू लागले. डमी जागची हलली नाही. त्यांनी पाय रोवले, श्वास घेतला, पुन्हा जोर लावला. वीतभर सरकली.

"मामा, ती नाही म्हणतेय तर सोडा नाद," दारातून फायरमन हसला. "थांबा, हात लावतो."

दोघांनी मिळून डमी काट्यावर घातली. काटा पंचाहत्तरवर थांबला. नियमातही पंचाहत्तरच होते. उद्याच्या भरतीत प्रत्येक उमेदवाराला ही वाळू भरलेली कापडी डमी, जणू धुरात बेशुद्ध पडलेला माणूस, तीस पावले ओढत न्यायची होती. वेळ चाळीस सेकंद.

"भाचीची तयारी काय म्हणते?"

"अठ्ठावीस सेकंदांवर आली."

"अठ्ठावीस? आमच्या भरतीत कुणी पस्तिसाच्या खाली नव्हतं!" फायरमन शीळ घालत निघून गेला.

मामा काट्याकडे बघत राहिले. अग्निशमन केंद्रात फाटके कापडी पाइप आणि ताडपत्र्या शिवण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती. लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. खरी भाची मात्र एकच. बहीण गेल्यापासून ती त्यांच्याकडेच होती. तिच्यासाठी त्यांनी घरी अशीच डमी शिवली होती, अगदी पंचाहत्तर किलोची. सराव झाला की ते एकटेच ती डमी ओढत भिंतीशी नेऊन ठेवत. रोज. आणि ही जेमतेम वीतभर सरकली.

काटा बिघडला असेल, असे म्हणून ते स्वतःच त्यावर चढले. एकसष्ट. महिन्यापूर्वी तापात दवाखान्याच्या काट्यावरही एकसष्टच भरले होते. काटा बरोबर होता.

मग त्यांना वाळू आठवली. तीन महिन्यांपूर्वी बांधकामावरून आणली, तेव्हा पोत्यातून पाणी ठिबकत होते. तशीच ओली भरली, इथेच तोलली आणि हातगाडीवरून घरी नेली. त्यानंतर तीन महिने ती अंगणातल्या उन्हात पडून होती. पाणी कापडातून केव्हाच उडून गेले होते आणि पाण्याबरोबर दहाबारा किलो. ओला पाइप दोघांना उचलवत नाही, वाळला की एकटा माणूस खांद्यावर टाकतो. हे ज्याने जन्मभर पाहिले, त्याच्या ध्यानात हे येऊ नये!

मामा काट्याच्या कडेवरच बसले.

घरी पोचले तेव्हा भाची अंगणात डमीभोवती फिरत होती. डमीला ती 'पाहुणा' म्हणायची.

"आलात? घ्या घड्याळ. पाहुण्याला शेवटचं फिरवून आणते. तीन महिने ठाण मांडून बसलाय, ना कामाचा ना धामाचा."

मामांनी घड्याळ घेतले. तिने वाकून डमीला मिठी मारली आणि मागे मागे पावले टाकत भिंत गाठली.

"किती?"

"सत्तावीस."

ती हात उंचावून ओरडली. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "अगं, उद्या खऱ्या माणसाला असं फरफटवू नकोस, जळला नाही तर सोलपटेल!"

मामांनी तोंड उघडले. काय सांगायचे? एका रात्रीत अंगात बारा किलोंची ताकद येत नाही. आणि वयाची अट अशी, की पुढच्या वर्षी तिचा अर्जच घेणार नव्हते.

"पहिल्या दिवशी आठवतंय?" ती कपाळ पुसत म्हणाली. "जागचा हलत नव्हता हा. रडकुंडीला आले होते मी. तुम्ही म्हणालात, वजन तेवढंच राहतं पोरी, बदलायचं ते आपण."

"म्हणालो होतो खरं."

"मग? झाले की नाही बदल?"

"झाले," मामा म्हणाले. त्यांनी डमीला काखेत धरून भिंतीशी नेले. आज ती त्यांना कापसासारखी लागली.

सकाळी मैदानावर फायरमनच्या मदतीने डमीला सुरुवातीच्या रेषेवर ठेवायचे काम मामांकडेच होते. खिशात दाभण होते, नेहमीच असायचे. काखेतले चार टाके उसवले तर दर ओढीला ओंजळभर वाळू गळेल. भाचीचा नंबर अकरावा. मामांचा अंगठा शिवणीवर जाऊन थांबला.

"शिवण पक्की ना, मामा?" अधिकाऱ्याने विचारले.

मामांनी अंगठा काढला. "पक्की."

भाची पाइप खांद्यावर घेऊन जिना चढली, उतरली. हातोडा चालवला, शिडी उभी केली. सगळे वेळेच्या आत. मग ती डमीपाशी आली, वाकली, मिठी मारली आणि मागे रेटा दिला.

डमी हलली नाही.

तिने मान वर करून मामांकडे पाहिले. क्षणभरच. मग ती जवळजवळ जमिनीवर बसली आणि टाचा रुतवून, सगळे अंग मागे टाकून तिला ओढू लागली. पाच पावले. दहा. मामांचे हात त्यांच्या नकळत हवेत काखा शोधत होते. वीस पावले. सत्तावीस.

शिट्टी वाजली तेव्हा डमीचे खांदे रेषेपलीकडे होते, टाचा अलीकडे. नियमाप्रमाणे ती पूर्ण पलीकडे जायला हवी होती.

"हात घामेजले माझे," तिने अधिकाऱ्याला सांगितले आणि वहीत सही केली.

मामा आणि भाची घरी परतली. अंगणात ऊन भरले होते. मामा पायरीवर टेकले.

"पाहुणा हलका झाला होता," ते म्हणाले. "वाळू ओली भरली होती मी. मला काल कळलं."

ती वाकून चपला काढत होती. "मला महिन्यापूर्वी."

मामांनी वर पाहिले.

"तापात तुम्हाला उचलून जिना उतरले ना, तेव्हा. हाताला अगदी पाहुण्याएवढे लागलात. आणि दवाखान्यात नर्सबाई म्हणाल्या, एकसष्ट."

"मग बोलली का नाहीस गं?"

तिने चपला भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.

"वाळू भरायला दोनदा दाभण घेतलं होतं हातात. पण तुम्ही घड्याळ घेऊन यायचात. एकेक सेकंद कमी झाला की असे हसायचात... आणि मलाही ते आकडे आवडायला लागले होते, मामा."

मामांच्या खिशातले दाभण मांडीला टोचत होते. ते त्यांनी काढले नाही.

ती उठली. सवयीने डमीच्या काखांत हात घातले आणि तिला भिंतीच्या सावलीत ओढून नेले.

"उन्हात नको," ती म्हणाली. "अजून हलका होईल."

मग वळून तिने मामांपुढे हात केला. "तुम्हीही या सावलीत."