नाकापर्यंत पोचलेच नाही

मी बोलतेय, नाकात मारायच्या औषधाची बाटली. वीतभरही नाही मी. आता रिकामी आहे, त्यामुळे लोकांना वाटतं, हिचं काम झालं. काम झालंच नाही.

यवतमाळच्या एका डॉक्टरांनी मला पाच वर्षांच्या रोशनीसाठी लिहून दिलं. तिच्या नाकामागं गाठ सुजलेली. झोपली की घोरायची, घोरता घोरता श्वासच थांबायचा, मग दचकून हवा ओढायची. तेवढ्यात तिच्या आईचा, उज्ज्वलाचा, जीव कुठं जायचा ते तिलाच ठाऊक.

"दोन महिने, रोज सकाळी, दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा," डॉक्टर म्हणाले. "नाहीच फरक पडला तर ऑपरेशन."

उज्ज्वला उजाडायच्या आत कापूस वेचायला जायची. म्हणून मला सासूच्या हाती दिलं. मानीबाई तिचं नाव. बंजाऱ्यांच्या तांड्यात सगळे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई.

"याडी, एक दिवस चुकवू नका हो."

"मले शिकवतं का? सात लेकरं वाढवली म्या."

पहिल्या सकाळी याडीनं मला घरामागं नेलं आणि वाळल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, ढिगावर दोनदा दाबलं. मला वाटलं, नव्या बाटलीचे पहिले फवारे वाया घालवायचेच असतात. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मला कारण समजलं.

तिचा भाऊ गुलाबसिंग त्याच साली कपाशीवर कीडनाशक फवारता फवारता विषबाधेनं वावरात पडला होता. वीस दिवस दवाखान्यात, डोळ्यांनी नीट दिसेना. "फवारा म्हणजे इखच," ती पुटपुटायची. सुनेला मात्र बोलली नाही. संध्याकाळी उज्ज्वला मला कानाशी धरून हलवायची. औषध कमी झालेलं कळलं की तिचा चेहरा उजळायचा.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं, "रोज दिलं?"

"देवाशप्पथ, एक दिस चुकला नाही," उज्ज्वला म्हणाली.

त्यांनी मला हलवून पाहिलं. माझ्या रिकामेपणानं खोटी साक्ष दिली.

"मग लागू पडलं नाही. ऑपरेशन करू."

उज्ज्वलानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच दगा दिला. डॉक्टरांनी सहज रोशनीला विचारलं, "नाकात झोंबायचं का गं?"

"नाकात? दादी तं पऱ्हाटीवर मारते. मले म्हणे, आईले सांगू नको."

घरी येऊन उज्ज्वला ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "याडी, काहून?"

"माह्या भावाचं पाह्यलं ना तुवा? वाचवलं म्या पोरीले."

"वाचवलं? दोन महिने तिचा श्वास कोंडून राह्यला, अन् मी तुमच्या भरवशावर बिनघोर होती."

ऑपरेशन लांबलं. नवी बाटली आली, ती उज्ज्वला पदराला बांधून ठेवते. रोशनीलाही आता सोबत वावरात नेते. याडी दारात उभी राहून म्हणते, "राहू दे ना तिले माह्यापाशी." उज्ज्वला पोरीचं बोट धरून चालू लागते.

मी उकिरड्यावर आहे. माझं एवढंच मागणं, भीती वाटते तर नाही म्हणा, भांडा, मला तशीच फळीवर ठेवा. पण रिकामी करू नका. भरलेली बाटली पाहून आईला निदान कळतं, लेकराला औषध मिळालं नाही.