गाडीचं तोंड

चंपाने गाडीत बसायचं सोडलं आणि तिच्या नवऱ्याच्या, दत्तारामच्या धंद्याची रयाच गेली. मासळी तीच, जेसल पार्कचा बाजार तोच. पण भाव करायची वेळ आली की हा बापडा नुसता गिऱ्हाइकाकडे बघत बसायचा. बोलायचं खातं पहिल्यापासून चंपाकडे. याने गाडी हाकायची आणि बर्फ फोडायचा, एवढंच याला ठाऊक.

गाडी म्हणजे त्याच्या वडिलांनी लिलावात घेतलेला जुना अमेरिकन पिकअप. मागे टोपल्यांचा हौदा, पुढे एकच लांब सीट, आणि त्या सीटच्या पाठीमागे, केबिनच्या आतच, पेट्रोलची टाकी. त्या काळच्या गाड्यांची तशीच रीत होती. टाकीचं झाकण तेवढं बाहेर, दरवाजाच्या मागे. चंपा त्याला ‘गाडीचं तोंड’ म्हणायची आणि दर दसऱ्याला तिथेच हळदकुंकू लावायची.

इतकी वर्षं ती टाकीला पाठ लावून बसली, कधी हूं का चूं केलं नाही. पण २००६ साली कावीळ होऊन उठली आणि पेट्रोलचा वासच तिला सोसेना. भर बाजारात ओकारी झाली. रिक्षाने जावं तर रिक्षावाले टोपली बघूनच पळायचे. शेवटी ती घरी बसली, आणि घरी गप्प बसलेली चंपा दत्तारामला बघवेना.

“गाडी इकून टाका,” ती म्हणाली. “टेम्पो घ्या.”

“टाकी हलवतो. एकदा बसून बघ. न्हाय जमलं तर गाडी भंगारात. शब्द हाय माझा.”

शब्द देऊन बसला खरा, पण लगेच जाऊन गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवून आला. वडिलांची गाडी होती ती.

नवघरच्या गॅरेजवाल्या परेशने टाकी बाहेर काढली, धुतली. “काका, पीछे हौद्याच्या खाली बसवतो. पण मच्छीचं पाणी गळणार ना वरून? मिठाने पत्रा सडेल.”

दत्ताराम हसला. खाऱ्या पाण्याची भीती याला कोण घालणार? होडीच्या बुडाला लावायचा रंग त्याने स्वतः टाकीला फासला, वर उतरता पत्रा ठोकला. पेट्रोल भरायचं नवं झाकण मागे, हौद्याच्या बाजूला आलं.

“और ये पुराना होल? पत्रा मारून बंद करतो.”

“अरे, मग ती कुंकू कुठे लावील? झाकण राहू दे.”

परेशने खांदे उडवले. झाकणापासून टाकीपर्यंतची आतली नळी निघाली होती. आता ते भोक सरळ केबिनमध्ये उघडत होतं.

गाडी आली. चंपा नाकाला पदर लावून चढली. “पंपापर्यंत. त्याच्या फुडं न्हाय.” मागे टोपल्या भरलेल्या होत्या, तिला घरी सोडून दत्ताराम एकटाच बाजारात जाणार होता.

पंपावर त्याने सवयीने गाडी लावली, सवयीने उतरला, सवयीनेच जुनं झाकण फिरवलं आणि म्हणाला, “फुल्ल कर.” पंपवाल्याने नळी आत घातली.

आतून किंकाळी आली आणि नळी बाहेर ढकलली गेली.

“अवो! मना पेट्रोलनं आंघोळ घालताव काय?”

पंपावरचे सगळे हसायला लागले. दत्ताराम मात्र हातात झाकण घेऊन पुतळ्यासारखा उभा. आता संपलं, त्याला वाटलं. गाडी भंगारात गेली.

खालमानेने त्याने मागच्या टाकीत पेट्रोल भरून घेतलं आणि जुनं झाकण हातातच घेऊन येऊन बसला. “उद्या परेशकडून पत्रा मारून घेतो,” तो पुटपुटला.

“कनाला? कशापायी बुजवायचं?”

त्याने वर पाहिलं. ओरडायच्या नादात तिचा पदर नाकावरून सुटला होता, तो परत गेलाच नव्हता. त्या भोकातून वारा येत होता आणि तिच्या कानामागची बट उडत होती.

“गाडीचं तोंड मागं गेलं ना? मग ह्ये आता नाक,” चंपा म्हणाली. “नाक कोन बुजवतं? ऱ्हाऊ दे उघडं.”

ठरल्याप्रमाणे त्याने गाडी घराकडे वळवली.

“तिकडं कनाला? मासळी काय मी शेजारणींना इकू?”

त्याने गाडी फिरवून बाजाराच्या रस्त्याला लावली. बोलायचं खातं आता परत तिच्याकडे होतं.