नाव नसलेली नक्षी

माजुरो बेटावरच्या विणकामघरात जर्मनीतल्या एका संग्रहालयातून जुन्या चटईचा फोटो आला आणि रोस्टीनाच्या डोक्यात भुंगा शिरला. शंभर वर्षांपूर्वीची, केवड्याच्या पानांची, नेसायची चटई. कडेच्या नक्ष्यांची नावं रोस्टीनाला तोंडपाठ होती. एकीचं तेवढं कुणालाच सांगता येईना.

"नावावाचून चटई उसवणार आहे का?" मैत्रिणीनं चिडवलं.

"पण नाव नसताना एवढी किचकट नक्षी कोण घालेल?"

शनिवारी ती होडीनं शेजारच्या आर्नो बेटावर गेली. तिथं तिच्या आईची मावशी राहायची, लिजोमार. रोस्टीना तिला बुबू, म्हणजे आजी, म्हणायची. आयुष्यभर चटया विणलेली. म्हातारी दारात पानं कुटत होती. रोस्टीनानं फोटो पुढे केला.

"मला दिसतंय होय, बाई? विणून दाखव."

रविवारी कामाला हात लावायचा नाही, म्हणून रोस्टीना चर्चला गेली, भाजलेला नीरफणस खाल्ला, आणि सोमवारी पहाटेच बसली. दुपारपर्यंत तळहाताएवढा तुकडा झाला. म्हातारीनं त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा उलटं फिरवलं.

"बोड," ती म्हणाली.

"नाव आहे हे?"

"नाव कसलं! बोड म्हणजे बोड. चूक. इथं विणणारीचं एक पान सुटलंय."

"बुबू, पण ती तर चारही बाजूंनी आहे! एकसारखी!"

"मग? उसवायचा कंटाळा आला असेल. म्हणून सगळीकडे तशीच चुकली." म्हातारीला हसता हसता खोकला लागला. "आपण माफी मागताना काय म्हणतो? जोलोक बोड. चूक टाकून दे. या बयेनं टाकलीच नाही!"

रोस्टीना तुकड्याकडे बघतच राहिली. कोण असेल ती? सासू रागावली असेल का? की राजाच्या बायकोनं विचारलं, हे काय, आणि हिनं ठोकून दिलं, नवीन नक्षी आहे?

"खरंच चूक असेल कशावरून, बुबू?"

"करून बघ ना मुद्दाम."

तिनं दुसरा तुकडा घेतला. पहिल्या ओळीत पान सोडलं. दुसरीत सोडलं. तिसरीत मात्र बोटांनी आपणहून ते उचलून जागच्या जागी बसवलं. तिनं ओळ उसवली. पुन्हा तेच झालं.

"जमत नाही गं," ती वैतागून म्हणाली.

"चुकायलासुद्धा बसायला लागतं," म्हातारी म्हणाली. "होडी कधी आहे तुझी?"

"उद्या."

"मग बुधवारच्या होडीनं जा."

रोस्टीनानं पानांची नवी जुडी सोडली.